दाढीच्या सामानात तुम्हाला काय अजिबात आवडत नाही? माझं उत्तर मेन्थॉल

सकाळचा_फेस
नमस्कार मंडळी, चार वर्षं झाली कार्ट्रिजचा (डोकं बदलायचा, अनेक पात्यांचा) रेझर सोडून, आता दोन धारांचं ब्लेड, ब्रश आणि साबण. सकाळची ती पंधरा मिनिटं मला फार प्रिय आहेत. पण ज्याला विचारावं तो मेन्थॉलवाला, म्हणजे पुदिन्यासारखा गारवा देणारा साबण घे म्हणतो, उन्हाळ्यात तर विचारूच नका, आणि मला तो प्रकार सहनच होत नाही. गालावर एकवेळ चालतं पण मिशीच्या जागी फेस लावला की डोळ्यांतून पाणी, आणि मुख्य म्हणजे कातडी बधिर झाल्यासारखी होते मग ब्लेड किती टेकतंय ते कळतच नाही, तासाभराने आरशात बघावं तर मान लालबुंद. दुसरं म्हणजे जड रेझर. माझा मर्कुर ३४सी ७७ ग्रॅमच्या आसपास आहे, मला तेवढा पुरतो, मित्राचा अख्ख्या स्टीलचा वापरून पाहिला तर हनुवटीखाली वळवताना हाताला अंदाजच येईना. तुमचं काय? नुसतं नाव नको, का ते पण लिहा.

निवांत_गडी
मेन्थॉलबद्दल शंभर टक्के सहमत. त्याने कातडी खरं तर थंड होतच नाही, नसांमध्ये थंडी ओळखणारा जो रिसेप्टर असतो तोच मेन्थॉलने चाळवला जातो. ज्युलियस आणि पटापुटियन या शास्त्रज्ञांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात हे कामही होतं. म्हणजे ब्लेड काय करतंय ते सांगणाऱ्या कातडीला आपणच दुसरीकडे गुंतवायचं, कशाला? मला दाढीनंतर ओली तुरटी लागते. जिथे झोंबेल तिथे आज हात जास्त दाबला गेला, सरळ हिशोब. वर्षभर रोज हे बघत गेलो आणि मानेवर उलटा हात (केसांच्या वाढीविरुद्ध) मारणं बंद केलं, तिथे आता फक्त सरळ आणि आडवा.

रत्नांग्रीचा
माझा राग डुकराच्या केसांच्या ब्रशवर. तसा ब्रश उत्तम, घट्ट साबणावर चांगला चालतो आणि वापरून वापरून टोकं मऊ होतात, पण आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने काही म्हणजे काही वाळत नाही हो, जुलैत ब्रशला कुबट वास सुटला आणि टाकावा लागला. आता सिंथेटिक, झटकला आणि टांगला की संध्याकाळपर्यंत कोरडा. बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशच्या वाटेला गेलोच नाही.

मीपण_इथेच
मी पायांसाठी डीई (दोन धारांच्या ब्लेडचा) रेझर वापरते. मला उग्र वास नकोत, साबणाचा एक, लोशनचा दुसरा, वर अत्तर, डोकं चढतं. साधा ग्लिसरीनचा साबण बरा. आणि ब्लेड फार धारदार नको, गुडघ्याच्या वळणावर नक्की कापतं. मधल्या धारेचंच बरं.

बोअरचं_पाणी
इथे एक गोष्ट कुणी बोललं नाही, पाणी! आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबणाचा फेस होण्याआधी कॅल्शियमशी त्याचा चोथा होतो. मी तीन साबण बदलले, तिन्ही वाईट म्हणून बाजूला ठेवले, मग एके दिवशी वाटीभर फिल्टरचं पाणी घेतलं आणि त्याच साबणाचा दह्यासारखा दाट फेस. त्यामुळे अमुक साबण आवडत नाही म्हणण्याआधी पाणी बदलून बघा राव.

सकाळचा_फेस
@बोअरचं_पाणी दादा, आमच्या सोसायटीत पण टँकर नाहीतर बोअर. दोन साबण मी फेस होत नाही म्हणून कपाटात टाकलेत, उद्याच फिल्टरच्या पाण्यावर काढतो. @निवांत_गडी तुरटी लावून किती वेळाने धुता? मी लगेच धुतो.

निवांत_गडी
अर्धा मिनिट राहू द्या, तेवढ्यात ब्रश धुऊन होतो. मग गार पाणी.