अंगावर काढायला लावलेली दुखणी: तुमचे अनुभव सांगा

सुताची_गुंडी
परवा भाच्याच्या शाळेत तपासणीची गाडी आली होती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतली पोरं तपासतात ना, तीच. कान वाहतोय म्हणून चिठ्ठी दिली आणि वहिनी त्याच दुपारी त्याला सिव्हिलला घेऊन गेली. मला रात्रभर झोप नाही.

माझा उजवा कान पहिलीपासून वाहायचा. घराखालीच यंत्रमाग. तिथल्या वाया सुताचा बोळा आई कानात घालायची, त्याआधी लसणाचं कोमट तेल. शाळेत पोचेपर्यंत बोळा पिवळा व्हायचा, वास यायचा, बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण पोरीचा कान फुटकाय हे बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत. पैसा होता. त्याच सुमारास नवे माग घेतले होते. आज पडद्याला मोठं भोक, आतली हाडं झिजलेली. हे आमच्याकडून राहिलं, एवढं त्यांनी एकदा तोंडानं म्हणावं असं वाटतं. तुमच्याकडे काय झालं?

साखरपेठकर
डावा डोळा. मास्तरांनी घरी निरोप पाठवला होता, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून. वडील म्हणाले अभ्यास टाळायची सोंगं. आता डॉक्टर सांगतात की सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी मिळाली असती तर बराच फरक पडला असता. मेंदूनं तो डोळा सोडूनच दिला. आता चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही.

हुरडा_पार्टी
@सुताची_गुंडी सोलापूरच्या पूर्व भागातल्या का तुम्ही? आमचं घर अशोक चौकाकडं.

सुताची_गुंडी
होय की! ७० फूट रोडजवळ.

विडीवालीची_लेक
वाचून पोटात कालवलं ताई. पण माझ्या आईची बाजू मांडते. हजार विड्या वळल्याशिवाय मजुरी नाही. सिव्हिलला रांगेत दिवस गेला की संध्याकाळची भाकरी गेली. माझी पोलिओची लस चुकली, पाय असा राहिला. तिच्यावर राग धरवत नाही, तिला सांगणारंच कुणी नव्हतं.

सुताची_गुंडी
तुमच्या आईला मी दोष देणारच नाही. नाइलाज वेगळा आणि लपवणं वेगळं. माझ्या घरी सगळ्यांना माहीत होतं.

निळी_छत्री
घाईत लिहिते, कुकर लावलाय. घसा दुखून ताप आला, मग गुडघा सुजला, तो उतरला की घोटा. वाढीचं दुखणं म्हणून आजी चोळत बसायची. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात दम लागायला लागला तेव्हा कळलं, हृदयाची झडप आकसलीय. घशाच्या आजारातून होतं हे. तेव्हाच निदान होऊन पेनिसिलिन सुरू झालं असतं तर! आता दर २१ दिवसांनी इंजेक्शन. आईला सांगितलं तर ती रडते, मग मीच तिची समजूत घालते. माझं दुखणं बाजूलाच.

हुरडा_पार्टी
@निळी_छत्री बाळ बरंय ना?

निळी_छत्री
बरंय हो, यंदा गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायचा हट्ट धरलाय.

पांढरा_कोट_नाही
नर्स आहे. वाहत्या कानात तेल अजिबात नको, पाणीही जाऊ देऊ नका. गुंडीताई, मोठेपणीही पडद्याचं ऑपरेशन होतं. हाडं झिजली असली तर ऐकू किती येईल ते तपासूनच कळतं, पण वाहणं थांबवायलाच हवं. ते आत पसरलं तर धोका असतो. ऐकण्याची तपासणी केलीय का?

सुताची_गुंडी
नाही केली. लग्नानंतर सासरीही लपवलंच. नवऱ्याला काल सांगितलं.

साखरपेठकर
काय म्हणाले?

सुताची_गुंडी
गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, म्हणून तू नेहमी माझ्या उजव्या हाताला झोपतेस होय. सोमवारी दोघं जातोय.

विडीवालीची_लेक
केसपेपरच्या रांगेला सकाळी लवकर जा ताई. मी तिथंच जवळ कामाला आहे, येऊ का?

सुताची_गुंडी
या. नंबर मेसेज करते.