एकाच वाणाच्या उंदरावर किती विसंबायचं?

तापीकाठ: मी भुसावळला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आईला आणि मावशीला दोघींना शुगर. मावशीचा पाय कापावा लागला, आईला काहीच त्रास नाही. असं कसं?" शुगर एका जनुकाचं काम नाही, पुष्कळ जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात, एवढं सांगितलं. पण कोणाचा वाटा किती, हे माणसांत शोधणं अवघड, कारण प्रत्येकाचं खाणं, पाणी, कष्ट वेगळे.

उंदरांत ते सगळं सारखं ठेवता येतं. सख्ख्या भावा-बहिणींची वीस पिढ्या जोडी लावली की जवळजवळ एकसारखे उंदीर मिळतात. सी57 ब्लॅक 6 हा असाच वाण, 1921 पासूनचा. 2002 साली उंदराचा जनुकसंच वाचला तो याचाच. पण हजार उंदीर तपासले तरी तो एकच माणूस हजारदा तपासल्यासारखं आहे! म्हणून 'कोलॅबोरेटिव्ह क्रॉस' या उंदरांच्या संकर-प्रकल्पात आठ वाण एकत्र केले. पाच प्रयोगशाळेतले, तीन रानटी उंदरांपासून आलेले. त्यात शुगर होणारा आहे, लठ्ठही आहे. आठांचं रक्त मिसळून पुन्हा वेगवेगळे शुद्ध वंश काढले. माझं ठाम मत: आपल्या देशानंही अशा उंदरांवर पैसा लावावा.

केळीबाग_रावेर: ताई, एकसारखेपणाला एवढं कमी लेखू नका. आम्ही टिश्यूकल्चरची ग्रँड नैन जातीची केळी लावतो, सगळी रोपं सारखी. म्हणून तर एका पट्ट्यात घड कमी भरला की दोष पाण्याचा की खताचा ते लगेच कळतं. रोपं मिसळीची असती तर काय ओळखणार? तुमचा एक वाण त्याच कामाचा आहे.

तापीकाठ: दादा, खत तपासायला तो वाण उत्तमच. पण केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला तेव्हा कोणतं झाड तग धरतं हे त्या बागेत कळलं का? सगळीच सारखी. 2014 मध्ये इबोलाचा विषाणू या मिसळीच्या उंदरांना दिला. काही वंश त्यातून सावरले, काही रक्तस्राव होऊन मेले. नेहमीच्या वाणांत तो रक्तस्राव दिसतच नव्हता.

सातपुडा_ओपीडी: मी नंदुरबार जिल्ह्यात दवाखान्यात आहे आणि मला हे पटत नाही. आमच्याकडे भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. बिघाड सगळ्यांत तोच, एकाच जनुकातला. तरी एक पोरगा महिन्याला कण्हत येतो आणि त्याची बहीण, तोच आजार असून, वर्षात एकदा. फरक पडतो तो बऱ्याच अंशी गर्भातलं हिमोग्लोबिन पुढेही किती टिकलं त्यानं. ते थांबवणारं बीसीएल11ए हे जनुक 2007-08 मध्ये सापडलं ते माणसांच्या रक्तावरून. उंदरात आपल्यासारखं गर्भाचं हिमोग्लोबिनच नसतं, तिथे ते दिसणार कसं? पैसा धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसांच्या नोंदीवर लावा.

तापीकाठ: धागा माणसांत सापडला, मान्य. पण 2011 मध्ये माणसाची हिमोग्लोबिनची जनुकं घातलेल्या सिकलसेलच्या उंदरांत बीसीएल11ए बंद केलं आणि आजार सुधारला. त्याच जनुकावरच्या उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजुरी मिळाली. आधी उंदरात दिसलं नसतं तर कोणाच्या लेकरावर हात घातला असता?

सातपुडा_ओपीडी: तो उंदीर जनुकं घालून बनवलेला, तुमच्या आठ वाणांच्या संकराचा नव्हे. दोन्ही एकात घालू नका. आणि माझ्या पेशंटपर्यंत तो उपचार पोहोचलेला नाही. त्यांना आज हायड्रॉक्सियुरिया हे या आजाराचं नेहमीचं औषध वेळेवर मिळालं तरी पुष्कळ.

पांझराकाठ: मी एम.एस्सी. करते. एक गोष्ट कोणी बोललं नाही. कोलॅबोरेटिव्ह क्रॉसचे सुरू केलेले बहुतेक वंश मध्येच संपले. बुडालेल्यांपैकी जवळपास निम्मे नर वांझ निघाल्यानं. दूरच्या उपजातींची जनुकं एकमेकांशी जुळत नाहीत. एवढे जीव गेले, ते हिशोबात धरायला नकोत का? आमना घरमा आई उंदीर पकडला तरी शेतात सोडून येते.

तापीकाठ: धरायलाच हवेत, आणि तुझ्या आईचं मन मला कळतं. पण जो वंश टिकला तो शुद्ध आहे, म्हणून एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीला त्याच उंदरावर ताडून पाहता येतो. पुन्हा शून्यापासून जीव घालवावे लागत नाहीत. माझ्या मनात एक प्रयोग आहे. सिकलसेलचं तेच माणसाचं जनुक वेगवेगळ्या वंशांत आणायचं. जनुक सारखं, घर वेगळं. मग डॉक्टरांच्या त्या भावा-बहिणीतला फरक कुठून येतो, याचा काही माग लागेल.

सातपुडा_ओपीडी: हा प्रयोग मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण क्रम उलटा आहे. फरक नेमका काय आहे, किती वेळा दुखलं, प्लीहा कधी वाढली, रक्त किती वेळा चढवलं, हे आधी वहीत पाहिजे. माझ्याकडे ते अर्ध्याच पेशंटांचं आहे. बाकीचे पोटासाठी ऊसतोडीला जातात आणि मार्चनंतरच दिसतात. उंदरात शोधायचं काय, ते त्या वहीतून ठरेल.

तापीकाठ: वही भरायला बारावीची पोरं दिवाळीच्या सुट्टीत पाठवू का? लिहायला शिकवा, त्यांच्यासोबत मीही येते. उंदरांचा वाद मात्र मी सोडलेला नाही.