नवा पूल पाडा म्हणणाऱ्यांना

पेठकर:
"शिवाजी पूल पाडून सहा पदरी करा, नुसते दगड तर आहेत" अशी पोस्ट काल वाचली आणि डोकंच फिरलं. नुसते दगड? पुण्यातला १९२३ चा पूल, गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या नावाने लॉईड ब्रिज, आणि शंभरी उलटली तरी आपण म्हणतो नवा पूल. पाणी कमी असताना पात्रात उतरा, घडीव चिरे कमानीत कसे बसलेत बघा. कळीचा दगड, म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, बसला की दोन्ही बाजू एकमेकींना रेटून धरतात.

ट्रॅफिकग्रस्त:
मग सावित्री नदीवरच्या पुलाचं काय? महाडचा पूलही दगडी कमानींचाच, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ ला रात्री पुरात गेला, दोन एसटी घेऊन गेला. तिथेही कळीचे दगड होतेच ना?

पेठकर:
दगड दाबाला हटत नाही, पुराचं पाणी पायाखालची माती खरवडून नेतं तिथे घात होतो. म्हणून पाया तपासा म्हणतोय. पानशेत धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, हाच नवा पूल पाण्याखाली गेला आणि उभा राहिला.

नारायणपेठी:
पानशेत काढलंत म्हणून लिहिते. पूल राहिला, आमचा वाडा नाही राहिला. मातीच्या भिंती विरघळल्या. आजीचा तांब्याचा हंडा चिखलात पालथा सापडला, अजून आहे, कड चेपलेली. भरपाईसाठी आजोबांनी किती हेलपाटे घातले ते कुणी लिहीत नाही.

इतिहासवेडा:
खरा इतिहास लकडी पुलाचा. पानिपतावरून परतलेल्यांना भर गावातून यायची लाज वाटू नये म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो बांधला.

पेठकर:
ही कथा पुरे झाली हो! पानिपत १४ जानेवारी १७६१, नानासाहेब २३ जूनला पर्वतीवर वारले. मुलगा, भाऊ दोघे गमावलेला माणूस त्या पाच महिन्यांत लाज लपवायला पूल बांधत बसेल?

इतिहासवेडा:
म्हणजे आमचे आजे-पणजे खोटं बोलले? तारखा पाठ केल्या की सगळं कळतं असं समजू नका.

नारायणपेठी:
भांडण नव्या पुलाचं होतं ना?

ट्रॅफिकग्रस्त:
तेच. आईला दवाखान्यात नेताना त्या पुलावर वीस मिनिटं अडकलोय, ती मागच्या सीटवर धापा टाकत होती, म्हणून माझा आवाज चढतो. पाया तपासा हे ठीक, तेवढं मानतो. पण अहवाल लोकांसमोर ठेवा.

पेठकर:
ठेवायलाच हवा. गाड्यांसाठी शेजारी दुसरा बांधा, माझी ना नाही.

ट्रॅफिकग्रस्त:
शेजारी जागा कुठंय ते दाखवा आधी. रविवारी सकाळी सातला पात्रात येतो.