सावंतवाडीच्या बंडातला औट्रम: अधिकाऱ्यांचे मानसन्मान ठरवायचं कोण?

मोपेकर
आमच्या पेडण्यातल्या वाचनालयात १८४४-४५च्या बंडावर बोलायचं आहे. सामानगडावर गडकरी (किल्ल्याचे वतनी शिपाई) उठले, वणवा वाडी संस्थानात आला, मनोहरगड पडला आणि पुढारी सीमा ओलांडून गोव्यात उतरले, इथवर जुळलंय. अडलंय बंड मोडायला आलेल्या ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमपाशी. नावापुढे सी.बी. (ऑर्डर ऑफ बाथ या ब्रिटिश सन्मानाचा खालचा वर्ग), मग सर, १८५८त बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा किताब). हे ठरवत कोण होतं? कोणी विचारलं तर "राणीने दिलं" एवढ्यावर भागवायचं का? आणि त्याच्याबरोबर गड चढलेल्या देशी शिपायांच्या वाट्याला काय आलं?

डिचोलीकर
मोपेकरबाब, "राणीने दिलं" असं कृपा करून सांगू नका. राणीची सही शेवटची. खरा निवाडा व्हायचा तो सेनापतीच्या तंबूत, मोहिमेचा खलिता लिहिताना. त्या खलित्यात नाव आलं आणि लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापून झालं, की पुढची दारं उघडायची. नाव राहिलं तर पराक्रम कितीही मोठा असो, हाती काही नाही. बाथचा सी.बी. मिळायला असा उल्लेख लागायचा, शिवाय हुद्दाही वरचा हवा. कंपनीच्या फौजेत बढती ज्येष्ठतेने, म्हणजे वरचा मरेल किंवा निवृत्त होईल तेव्हा. म्हणून ब्रेव्हेटची, म्हणजे मानाच्या हुद्द्याची, सोय: पलटणीत कॅप्टनच, पण सैन्यात मेजर. लेफ्टनंटला तर "कॅप्टन झालास की त्याच दिवशी मेजर" असा वायदा मिळायचा. धाकट्या अधिकाऱ्यांसाठी डी.एस.ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) निघाला तो थेट १८८६त.

औट्रमचा सी.बी. वाडीचा नव्हे, १८४३चा, सिंधचा. तिथल्या हैदराबादची रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीची कोठी, लढवली म्हणून. तुमच्या भाषणात हा क्रम नीट आला पाहिजे, कारण वाडीत आला तेव्हा तो मान मिळालेलाच अधिकारी होता.

मला तो माणूस दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश सेनापती नेपियरचं सिंधचं युद्ध त्याला अन्यायाचं वाटलं, म्हणून लुटीतला आपला वाटा त्याने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय संस्थांना दिला. १८५७त लखनौच्या वाटेवर तो जनरल हॅवलॉकपेक्षा वरिष्ठ होता, तरी सेनापतिपद हॅवलॉककडेच ठेवून स्वतः स्वयंसेवक घोडदळात लढला. त्या घोडदळाने व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्याच्या सर्वोच्च ब्रिटिश पदकासाठी त्याचंच नाव सुचवलं. त्याने नाकारलं: मी त्यांचा जनरल, मला तो घेता येत नाही.

आता त्याच वर्षी हॅवलॉककडे काय झालं बघा. १६ जुलैला कानपूरजवळ ६४वी पलटण एका मोठ्या तोफेवर चालून गेली. पलटणीचा मेजर पायी पुढे होता, आणि जनरलचा मुलगा, बापाचाच एडीसी (खास मदतनीस अधिकारी), घोड्यावर. व्हिक्टोरिया क्रॉस मुलाला, शिफारस बापाची. पलटणीचे अधिकारी दुखावले, कारण वाचणाऱ्याला वाटणार की यांना पुढे न्यायला परका माणूस लागला. सरसेनापती कॉलिन कँपबेललाही ते रुचलं नाही. पोरगा शूर होता यात मला शंका नाही. पण जनरलच्या डोळ्यांसमोर कोण होतं, यावर मान ठरायचा. हे तुमच्या श्रोत्यांना कळायलाच हवं.

शिपायांचं: व्हिक्टोरिया क्रॉस १८५६चा, पण हिंदी शिपायांना तो खुला झाला १९११त. त्याआधी त्यांच्यासाठी वेगळा ऑर्डर ऑफ मेरिट होता, १८३७पासून, तीन वर्गांचा. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एकतृतीयांश भर, दुसऱ्याला दोनतृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. वरचा वर्ग हवा तर आधी खालचा मिळवलेला हवा.

सत्तरीची_लेक
आमच्याकडची बाजूही घ्या हो. १८९५त गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. लिस्बनहून राजाचा भाऊ दों आफोंसो फौज घेऊन आला. त्याच डिसेंबरात, २८ तारखेला, कॅप्टन मोझिन्यूने तिकडे शायमितला तिथला राजा गुंगुन्याना याला पकडलं. मोझिन्यूला 'तोरे ए इश्पादा' हा पोर्तुगीज शौर्यसन्मान मिळाला, पुढे मोझांबिकचा कारभारही. ज्या आफ्रिकेत आमची माणसं लढायला तयार नव्हती, तिथूनच हे मान यायचे. आमच्या घरात त्या बंडाच्या पुढाऱ्याचं, दादा राण्याचं, नाव आजही आदराने घेतात, त्याला पदक लागलं नाही.

कोलवाळचा_भाऊ
मोहिमेत मेलेल्या अधिकाऱ्यांचं काय?

डिचोलीकर
सुरुवातीला व्हिक्टोरिया क्रॉस मेल्यावर देत नसत. आफ्रिकेतल्या झुलूंशी झालेल्या इसांडलवानाच्या लढाईतले मेलव्हिल आणि कॉगहिल १८७९त पडले, क्रॉस घरच्यांकडे १९०७त आला. आपल्या शिपायांचा नियम इथे बरा निघाला: १८९७त सारागढीच्या एकवीसही शिखांना मरणोत्तर ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला.

मोपेकर
डिचोलीकरबाब, बाय, देव बरें करूं. सी.बी.ची ओळ वाडीच्या प्रकरणातून काढून सिंधमध्ये नेतो. कानपूरची हकीकत औट्रमच्या लगेच पुढे घेतो आणि शेवटची पंधरा मिनिटं सत्तरीला देतो. बाय, तुम्ही त्या दिवशी येऊन दादा राण्यांवर बोलाल का? श्रोते तुमच्याकडून ऐकतील तर जास्त बरं.