खरी परीक्षा प्रतिकर्षणाची

वर्गात चुंबक शिकवताना, त्याला काय चिकटतं आणि काय नाही, याची यादी मुलांकडून करून घ्यावी, असं सुचवलं जातं. ते चांगलंच आहे, पण वस्तू जवळ नेण्याआधी प्रत्येकाला अंदाज सांगायला लावा. बहुतेक मुलं 'धातू म्हणजे चिकटणारच' असं धरून चालतात. तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमचा कागद ढिम्म हलत नाही, तेव्हा खरे प्रश्न सुरू होतात. स्टीलचे दोन-तीन वेगवेगळे चमचेही ठेवा. काही चिकटतात, काही नाही, कारण स्टीलचे प्रकार वेगळे असतात.

मात्र तिथेच थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. आकर्षणापेक्षा प्रतिकर्षण, म्हणजे एकमेकांना दूर ढकलणं, जास्त शिकवतं. सारख्याच दिसणाऱ्या तीन पट्ट्या कागदात गुंडाळून द्या: दोन चुंबक, एक साधं लोखंड. लोखंड कोणतं ते मुलांनी शोधायचं. लोखंडही चुंबकाकडे ओढलं जातं, त्यामुळे नुसतं चिकटण्यावरून काहीच ठरत नाही. ज्या दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींना ढकलतात, ते चुंबक. हे आपण सांगायचं नाही, वेळ लागला तरी चालेल. तिसरी-चौथीच्या मुलांना हे नक्की जमतं.

आणि लहान, ताकदवान निओडिमियम चुंबक वर्गात अजिबात आणू नका. एकाहून जास्त गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटू शकतं. मोठे पट्टी चुंबक पुरेसे आहेत.