बाळूंना आठ आणे देणारा कॅप्टन ग्रेग नेमका कोण होता?

रविवारची_मॅच

जुन्या काळातले डावखुरे स्पिनर पळवणकर बाळू यांच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, एक नाव हमखास येतं, कॅप्टन जे. जी. ग्रेग. पूना क्लबच्या, म्हणजे पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबच्या, नेट्समध्ये बाळू त्याला बोलिंग टाकायचे आणि आऊट केलं की तो आठ आणे द्यायचा, एवढं बहुतेकांना माहीत असतं, पण तिथून पुढे तो गायबच होतो. हा माणूस आला कुठून, पोटापाण्याला सोल्जर होता की क्रिकेटर, आणि नंतर त्याचं काय झालं? बॅट्समन म्हणून खरंच भारी होता की गोरा साहेब म्हणून उगाच नाव झालं? अजून एक, त्याने बाळूंना पुढे आणलं असं काही जण लिहितात, ते तुम्हाला पटतं का?

पुणेरी_फिरकी

मस्त प्रश्न काढलात. ग्रेगचा जन्म १८७१ चा, महूचा, म्हणजे लष्करी छावणीच्या गावातलाच. पेशाने पक्का सोल्जर, लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढला, मुंबईच्या गव्हर्नरचा मिलिटरी सेक्रेटरीही होता. क्रिकेट पोटासाठी नाही, त्या काळी ऑफिसर लोक अमॅच्युअर म्हणूनच खेळायचे. 'जंगली' ग्रेग म्हणून ओळखायचे त्याला.

पण अमॅच्युअर म्हटलं म्हणजे हौशी टाइमपास असं अजिबात समजू नका, कारण पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीला असायचा, सगळी साहेबमंडळी पुण्यात जमायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरात युरोपियन विरुद्ध पारशी अशा प्रेसिडेन्सी मॅचेस व्हायच्या, त्याही १८९० ते ९५ लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होता तेव्हा, जो स्वतः इंग्लंडचा कॅप्टन राहिलेला. त्यामुळे रेजिमेंटमधला चांगला बॅट्समन म्हणजे साहेबांच्या जगात मोठी चीज होती.

आता पिच बघा. कव्हर वगैरे प्रकार नाही, रात्री पाऊस पडला की सकाळी पिच ओलं, ऊन लागलं की वरून सुकत जायचं आणि मग बॉल कुठे उसळेल आणि कुठे थांबून येईल याचा नेम नाही. शंभराच्या आत टीम गुंडाळली जाणं नेहमीचंच. अशा सीझनमध्ये ग्रेगने युरोपियन टीमकडून पारशांविरुद्ध डबल सेंचुरी मारलीय. नुसतं साहेब म्हणून असं नाव होत नाही, बॅट्समन खराच होता.

इंग्लंडमध्ये लीव्हवर गेला की हॅम्पशायर या काऊंटी टीमकडून खेळायचा. १९०१ मध्ये लिव्हरपूलला लँकाशायरविरुद्ध नॉट आऊट २४९! इतकी वर्षं भारतात काढून तिकडच्या काऊंटी बोलर्ससमोर थेट एवढा स्कोअर, तो तयार कुठे झाला होता ते यातून कळतंच की. पुढे आर्मीतून रिटायर झाल्यावर १९२० च्या दशकात हॅम्पशायर क्लबचा सेक्रेटरी झाला. आणि शेवट तर कुणाला वाटणारही नाही असा, १९३५ ला, म्हणजे साठी उलटून गेल्यावर, तो कॅथलिक पाद्री झाला. १९५८ मध्ये वारला.

मैदानवाला

फिरकीराव, माहिती छान, पण 'तो तयार कुठे झाला' म्हणून सोडून दिलंत, सगळी गोष्ट तिथेच तर आहे. कुणी तयार केला ते लिहा ना.

बाळू तेव्हा पोरसवदा होते, १८९२ च्या सुमारास पूना क्लबवर लागले, पगार महिना चार रुपये. त्याआधी पारशांच्या ग्राउंडवर तीन रुपयांवर होते. काम काय तर रोलर ओढायचा, पिचवर रेघा मारायच्या, नेट लावायचं आणि मग मेंबर लोकांना बोलिंग टाकायची. ग्रेग बाकीचे मेंबर यायच्या तासभर आधी ग्राउंडवर हजर व्हायचा असं सांगतात. म्हणजे दृश्य डोळ्यासमोर आणा, पुण्याची सकाळ, ओलं गवत, ग्राउंडवर जेमतेम दोन माणसं, एकाने पॅड बांधलेत आणि दुसऱ्याने थोड्या वेळापूर्वी स्वतःच रोलर फिरवून ते पिच केलंय आणि आता त्यावर डावखुरी स्लो बोलिंग टाकतोय. बॉल पडून उजव्या हाताच्या बॅट्समनपासून बाहेर जाणार. त्याला खेळायचं तर पाय हलवावेच लागतात, एकतर पुढे जाऊन टप्प्यावर गाठायचा नाहीतर पार मागे राहून शेवटपर्यंत बघायचा, मधल्या मध्ये अडकलात की स्लिपमध्ये कॅच. असा बोलर रोज सकाळी समोर असेल तर सप्टेंबरच्या ओल्या पिचवर ग्रेग उभा राहणारच ना!

आठ आण्यांचा हिशोब पण करा. पगार चार रुपये, आठ वेळा ग्रेगची विकेट काढली की आख्ख्या महिन्याचा पगार वर. म्हणजे बाळूंसाठी ती नेट प्रॅक्टिस नव्हतीच, प्रत्येक बॉलला घरच्या चुलीचा विषय होता. दोघं एकमेकांमुळे घडले हे मला मान्य आहे. पण 'पुढे आणलं' म्हणणं मला अजिबात पटत नाही. इतके तास बोलिंग करून घेतली पण त्या क्लबमध्ये बाळूंना बॅटिंग करायला एकदाही मिळाली नाही. गोऱ्यांच्या नेटमध्ये बोलिंग करणं हे नोकराचं काम आणि बॅटिंग साहेबाची, अशी सरळ विभागणी होती.

आठवा_नंबर

मैदानवाला +१, पण एक गोष्ट सोडून चालणार नाही, आपल्या लोकांनी काय केलं? बाळू चांभार समाजातले म्हणून पुण्याच्या हिंदू टीममध्ये घ्यायचं की नाही यावर वाद झाला, घेतलं तेव्हाही ग्राउंडवर सगळ्यांनी एकच बॉल हाताळायचा पण टी टाइमला बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात, जेवणाचं ताटही वेगळं. विकेट पाहिजेत, पंगत नको. ग्रेगला झोडताना हे विसरलो तर अर्धवट होईल. निदान तो माणूस या मुलाची बोलिंग सगळ्यात भारी आहे हे ओळखून रोज त्याच्यासमोर उभा राहत होता.

मैदानवाला

आपल्या लोकांबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं, त्यावर माझा काहीच वाद नाही. पण एकाने जास्त वाईट वागवलं म्हणून दुसरा उपकारकर्ता होत नाही. ग्रेगला प्रॅक्टिस हवी होती, ती त्याला मिळाली, त्याचे पैसे त्याने दिले. चोख व्यवहार केला म्हणा, मला चालेल.

आणि त्या साहेबांच्या क्रिकेटप्रेमाची दुसरी बाजूही बघा. मुंबईच्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं खेळायची त्याच जागेवर गोरे पोलो खेळायचे, घोड्यांच्या टापांनी जमिनीचे खड्डे व्हायचे, मग बॉल कसाही उडणार. १८८१ पासून अर्ज गेले, वर्षानुवर्षं भांडण चाललं. हॅरिस स्वतः एवढा मोठा क्रिकेटर, पण त्यानेही पोलोवाल्यांना हलवलं नाही, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना समुद्रालगत जागा दिल्या तेवढ्या.

दगडी_पॅव्हेलियन

हॅरिसचा विषय निघालाच आहे तर रॉबर्ट पूरबद्दल पण वाचा, ग्रेगसारखाच सोल्जर, सातव्या हुसार्स या घोडदळाच्या रेजिमेंटचा, सव्वासहा फुटांच्या वर उंच, मुंबईत हॅरिसचा एडीसी, म्हणजे दिमतीचा लष्करी ऑफिसर होता. क्रिकेट सीरियसली शिकला तो भारतात आल्यावर, तेही पुस्तकं वाचून. १८९५ मध्ये रेजिमेंट साउथ आफ्रिकेला गेली आणि लॉर्ड हॉकची इंग्लिश टीम तिकडे आली तेव्हा हा चक्क साउथ आफ्रिकेकडून तीन टेस्ट खेळला! तिथला रहिवासी नाही की काही नाही, पोस्टिंगवरचा ब्रिटिश ऑफिसर, पण त्या काळी चालायचं. टेस्टमध्ये काही जमलं नाही, तीन टेस्टमध्ये मिळून ७६ रन्स, हायेस्ट २०, त्यातल्या पोर्ट एलिझाबेथच्या टेस्टमध्ये जॉर्ज लोहमनने ७ रन्समध्ये ८ विकेट काढून टीम ३० वर उडवलेली. पण १८९९ ला इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून सॉमरसेटविरुद्ध टाँटनला ३०४, कॅप्टन विनयार्डबरोबर सहाव्या विकेटला ४११ ची पार्टनरशिप, सीझनचा अॅव्हरेज ९१.२३. हा रेकॉर्ड १९३० मध्ये ब्रॅडमनने मोडला, म्हणजे तीस वर्षं टिकला.

लगेच साउथ आफ्रिकेत ब्रिटिश आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यात बोअर युद्ध सुरू झालं आणि हा तिकडे प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे मिलिटरी पोलिसांचा मुख्य. कैद्यांना गोळ्या घातल्याबद्दल ब्रिटिशांच्याच बाजूच्या ब्रेकर मोरँट या ऑफिसरला १९०२ मध्ये प्रिटोरियात मृत्युदंड दिला त्या प्रकरणात पूरची डायरी आजही पुरावा म्हणून काढतात, ब्रिटिश गणवेशात पकडलेल्या बोअर लोकांबद्दल ब्रिटिश सेनापती किचनरने काय ऑर्डर दिली होती याची नोंद तिच्यात आहे. म्हणून मला या लोकांना नुसतं 'क्रिकेटर' म्हणायला जड जातं, बॅट आणि बंदूक एकाच नोकरीत होत्या त्यांच्या.

रविवारची_मॅच

सगळ्यांचे खूप आभार, पूरबद्दल तर काहीच माहीत नव्हतं. पाद्री झाल्याचं वाचून तर चकितच झालो. एक राहिलं, बाळूंना इंग्लंडमध्ये खेळायला मिळालं का कधी? ग्रेगच्या देशात ही बोलिंग चालली का ते बघायचंय.

पुणेरी_फिरकी

मिळालं ना, १९११ ला. पटियालाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली टीम गेली होती, टीम बऱ्याच मॅचेस हरली पण बाळूंनी ११४ विकेट काढल्या. तेव्हा वय पस्तिशीच्या पुढे, खांदा दुखायला लागलेला. भाऊ शिवराम पण त्या टीममध्ये होते, त्यांची बॅटिंगही शोधून वाचा.