उशीर जास्त घातक
काही जण म्हणतात की ज्येष्ठ मंडळी बारीकसारीक कारणांसाठी रुग्णवाहिका बोलावतात. मला उलटीच काळजी वाटते. "रात्री कशाला मुलांना उठवायचं" म्हणत कितीतरी जण सकाळपर्यंत कळ काढतात. उतारवयात हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो (आणि घरचे म्हणतात, वय झालं!). पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच तपासणी हवी. चालू औषधांची यादी चटकन सापडेल अशी ठेवा.